आधी तळवा, मग बोटं

चित्र शिकणाऱ्या मुलांच्या वह्या चाळल्या की एक गोष्ट हमखास दिसते. माणसं उभी असतात, चेहरे बऱ्यापैकी जमलेले असतात, कपड्यांच्या चुण्याही असतात. हात मात्र पाठीमागे बांधलेले, खिशात घातलेले, नाहीतर पिशवीआड गेलेले. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या स्मरणचित्रात तर बाजारातली भाजीवालीसुद्धा हात पदराखाली घेऊन बसते. मुलांना हात काढायचा कंटाळा असतो असं नाही. तो काढायचा कसा, हे त्यांना कुणी उलगडून सांगितलेलं नसतं. ‘नीट निरीक्षण कर’ एवढं सांगून झालं की काम संपतं, आणि निरीक्षण करायचं म्हणजे नेमकं काय बघायचं, हा प्रश्न मुलाकडेच राहतो.

हात अवघड का, हे आधी समजून घेऊ. चेहऱ्यावर डोळे, नाक, तोंड यांच्या जागा ठरलेल्या आहेत. भाव बदलला तरी त्या फारशा हलत नाहीत. हातात मात्र 27 हाडं आहेत. मनगटात 8, तळव्यात 5 आणि बोटांत 14. मूठ वळली, ओंजळ केली, चिमटीत मीठ धरलं, की दर वेळी आकार मुळापासून बदलतो. त्यात आपलं ज्ञान आपल्याच आड येतं. बोट लांब असतं हे पक्कं ठाऊक असल्यामुळे समोरून आखूड दिसणारं बोटही आपण लांबच काढतो. बोटं पाच आहेत हे माहीत असल्यामुळे तीनच दिसत असली तरी पाचही कुठेतरी कोंबतो.

यातून बाहेर पडायचा जुना आणि खात्रीचा मार्ग म्हणजे ज्यांना हात उत्तम काढता येत होते ते काय बघत होते, हे शोधणं. त्यांच्या चित्रावरून चित्र काढायचं ते त्यासाठी. युरोपातल्या कार्यशाळांमध्ये शतकानुशतकं हेच पहिलं शिक्षण होतं.

मात्र एक पथ्य पाळावं लागतं. पूर्ण रंगवलेल्या चित्रातला हात उचलायचा नाही. पूर्ण चित्रात चित्रकाराने आपल्या खाणाखुणा पुसून टाकलेल्या असतात. तयारीसाठी केलेल्या अभ्यासचित्रात त्या तशाच राहतात. रेघ कुठे दोनदा मारली, अंगठा कुठे सरकवला, काय मुद्दाम सोडून दिलं, हे तिथे वाचता येतं. राफाएलचं ‘ट्रान्सफिगरेशन’ हे त्याचं शेवटचं मोठं चित्र. त्यातल्या दोन शिष्यांची डोकी आणि हात त्याने काळ्या खडूने वेगळ्या कागदावर काढले. तो कागद आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. निरखून पाहिलं तर रेषांच्या खाली ठिपक्यांची रांग दिसते. मोठ्या आराखड्याला टाचणीने भोकं पाडून त्यावर कोळशाची पूड थोपटली की खालच्या कागदावर असे ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांनी हाताची जागा आधीच पक्की झाली होती. तरीही राफाएलने तो हात उजेड-छायेसह पुन्हा नव्याने अभ्यासला. 1520 साली तो वारला, तेव्हा त्याच्याइतका नावाजलेला चित्रकार रोममध्ये क्वचितच असेल. एवढा माणूसही हात परस्पर चित्रात उतरवत नव्हता, हे मला नवशिक्याला सांगावंसं वाटतं.

दुसरं पथ्य असं, की एका चित्रकाराला एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. सगळंच एका कागदावर शिकायला गेलं की फक्त नक्कल होते.

पहिला प्रश्न लिओनार्दोला विचारावा: कातडीच्या आत काय आहे? 1510-11च्या सुमारास त्याने शवविच्छेदन करून हाताची जी चित्रं काढली, ती इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात विंडसरला आहेत. त्यांत एकच हात थरांनी उभा केलेला दिसतो. आधी नुसती हाडं, मग हाडांना बांधणारे आणि ओढणारे दोर, मग वरचं आवरण. या दोरांना शरीरशास्त्रात कंडरा म्हणतात. ही चित्रं पाहून हाडांची नावं पाठ करायची गरज नाही. त्यांतून तीन-चार गोष्टी उचलायच्या आणि लगेच स्वतःच्या हातावर पडताळायच्या.

डाव्या हाताची मूठ वळा आणि उजव्या हाताने डाव्या कोपराखालचा भाग धरून ठेवा. मूठ आवळली की तिथलं मांस टणक होतं. बोटं मिटवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच, ते हाताच्या या मधल्या भागात असतात आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात. म्हणून बोटाच्या वरच्या बाजूला कातडीखाली लगेच हाड आणि कंडरा लागते, खालच्या बाजूला मऊ गादी असते. चित्रात याचा अर्थ असा, की बोटाची वरची रेषा सरळ-सरळ तुकड्यांची आणि सांध्यावर कोन करणारी असते, तर खालची रेषा दर पेरावर फुगून पुन्हा आत जाणारी असते. दोन्ही बाजूंना सारखाच फुगवटा काढला की बोट रबरी नळीसारखं दिसायला लागतं. नवशिक्यांच्या हातात हा दोष सर्वांत जास्त दिसतो, आणि एवढ्या एका दुरुस्तीने चित्र पुष्कळ सुधारतं.

आता एकेक बोट वेगळं मिटवून पाहा. तर्जनी मिटवा, मग मधलं, मग अनामिका, मग करंगळी. प्रत्येक बोटाचं टोक अंगठ्याच्या मुळाकडे, मनगटाजवळच्या साधारण एकाच जागेकडे झुकतं. म्हणजे मिटलेली बोटं एकमेकांना समांतर नसतात, ती आत एकत्र येत जातात. मुठीतली बोटं आपण चार समांतर कांड्या काढतो, तिथेच मूठ लाकडी होते. तळव्यातल्या हाडांपैकी तर्जनी आणि मधल्या बोटाची हाडं जवळजवळ स्थिर असतात. अनामिकेचं थोडं आणि करंगळीचं त्याहून जास्त हलतं. सैल मूठ हळूहळू आवळताना मुठीवरचे चार उंचवटे बघा. करंगळीकडचे दोन खाली उतरतात. त्या चार उंचवट्यांमधून एक कमान जाते, आणि ती कमान आधी काढली तर बोटं कुठून सुटतात याचा घोळ राहत नाही.

बोटाची लांबी हाही एक कायमचा फसवा मामला आहे. हात उपडा ठेवला की मधलं बोट मुठीच्या उंचवट्यापासून सुरू होतं. तळवा वर केला की तेच बोट तळव्याच्या कडेच्या वळीपासून सुरू झाल्यासारखं दिसतं. ती वळी पहिल्या पेराच्या साधारण मध्यावर असते. त्यामुळे एकच बोट मागून लांब आणि पुढून आखूड दिसतं. पट्टी घेऊन दोन्ही बाजूंनी मोजून बघावं, म्हणजे शंका उरत नाही. पुरुषाच्या चित्रात हात फार लहान काढायची सवय मोडायची असेल तर आणखी एक जुनं माप उपयोगी पडतं. रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअसने लिहून ठेवलंय की मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात आणि हनुवटीपासून केसांच्या कडेपर्यंतचा चेहरा सारख्याच लांबीचे. तळवा चेहऱ्यावर ठेवून पाहा. थोडा फरक पडेल, पण अंदाज पक्का बसतो.

तळव्याचा आकार समजायला आपल्याकडे एक आयती मदत आहे. ज्योतिष्याला हात दाखवलेल्या कुणालाही आयुष्यरेषा, शुक्राचा उंचवटा, चंद्राचा उंचवटा ही नावं ठाऊक असतात. भविष्याचं राहू द्या, चित्रकाराला ही नावं फार कामाची आहेत. शुक्राचा उंचवटा म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी असलेला स्नायूंचा गोळा. अंगठा तळव्याकडे येतो तेव्हा कातडी ज्या जागी दुमडते, तीच आयुष्यरेषा. म्हणजे आयुष्यरेषा ही अंगठ्याच्या मालकीच्या प्रदेशाची सीमा आहे. करंगळीच्या खाली मनगटापर्यंत पसरलेला चंद्राचा उंचवटा ही दुसरी गादी, आणि बोटांच्या मुळाशी आडवी पसरलेली तिसरी. त्या गादीच्या खालच्या कडेने जाणारी हृदयरेषा बोटं मिटताना पडणारी घडी आहे. या तीन गाद्या आणि त्यांच्यामधला खोलगट भाग दिसायला लागला की तळवा सपाट राहत नाही.

अंगठ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. चार बोटं तळव्याच्या कडेपासून निघतात, अंगठा थेट मनगटापासून निघतो. हात सैल सोडला की चार बोटांची नखं साधारण एका दिशेला बघतात, आणि अंगठ्याचं नख त्यांच्याशी जवळपास काटकोनात असतं. पाचही नखं समोरून दिसणारा सैल हात सहसा चुकलेला असतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी हा ताणला जाणारा कातडीचा पडदा आहे. अंगठा दूर गेला की तो तिथे ताणून पातळ होतो, जवळ आला की चुण्या पडून फुगतो.

एवढं पडताळून झालं की काढायचा क्रम आपोआप ठरतो. आधी तळवा, एक ठोकळा म्हणून: मनगटाकडे अरुंद आणि जाड, बोटांकडे रुंद आणि थोडा पातळ. त्याला अंगठ्याच्या गोळ्याची जोड. मग चार बोटांचा एकच गट, वेगवेगळी बोटं न पाडता. तो गट कुठे वाकतो, किती रुंद आहे, एवढंच. त्या गटाची बाहेरची कड बरोबर आली तरच आत बोटं पाडायची. नखं, वळ्या, शिरा सर्वांत शेवटी. बहुतेक जण उलटं करतात. करंगळीच्या नखापासून सुरुवात करून कडेकडेने अंगठ्यापर्यंत येतात आणि शेवटी अंगठ्याला जागाच उरत नाही.

हा ठोकळ्यांचा विचार न्यूयॉर्कमध्ये शिकवणाऱ्या जॉर्ज ब्रिजमनने 1920 सालच्या ‘द बुक ऑफ अ हंड्रेड हँड्स’मध्ये फार जोरकसपणे मांडला आहे. पुस्तक चांगलं आहे, पण त्यातले हात इतके ठासून काढलेले आहेत की सुरुवातीलाच ते गिरवले तर पुढे प्रत्येक हात पैलवानाचा येतो. आधी माप शिकावं. त्यासाठी मी शार्ल बार्गचं नाव घेईन. 1860च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसच्या गुपिल कंपनीने चित्रकार ज्याँ-लेओँ जेरोमच्या सहकार्याने बार्गचे धड्यांचे तक्ते छापायला सुरुवात केली. प्लास्टरचे हात, पाय, डोकी यांच्या अनेक तक्त्यांवर पूर्ण झालेल्या चित्राशेजारी त्याच चित्राचा सरळ रेषांचा सांगाडा दिलेला असतो. वक्र रेषा एकही नाही. प्रत्येक वळण दोन-तीन सरळ तुकड्यांत मोडलेलं. हाताची कड अशी सरळ तुकड्यांत बघायची सवय लागली की कोन मोजता येतात. वक्र रेषा मोजता येत नाही, म्हणून ती अंदाजाने जाते आणि घसरते.

व्हॅन गॉगने तरुणपणी याच गुपिल कंपनीत नोकरी केली होती. पुढे चित्रकार व्हायचं ठरवल्यावर 1880-81मध्ये त्याने बार्गचे तक्ते निष्ठेने गिरवले, आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, 1890मध्ये, ते पुन्हा मागवून घेतले. या दोन टप्प्यांच्या मध्ये, 1884-85च्या हिवाळ्यात न्यूनेन गावी, त्याने शेतकऱ्यांची डोकी आणि हात यांचे कागदांमागून कागद भरले. त्यातून ‘बटाटे खाणारी माणसं’ हे चित्र उभं राहिलं. ज्या हातांनी ताटातलं उचलून खाताहेत त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे, हे दिसलं पाहिजे, असं त्याने भावाला पत्रात लिहिलं होतं. ते हात बार्गच्या प्लास्टरच्या हातांसारखे मुळीच नाहीत. सांधे सुजलेले, बोटं जाड, रेषा खरखरीत. पण त्या ओबडधोबडपणाच्या आत माप आहे, म्हणूनच ते हात खरे वाटतात. मोडायचं काय हे कळायला आधी ते हाताशी असावं लागतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता ड्यूररकडे येऊ, आणि इथे थोडा जास्त वेळ थांबू. त्याचे ‘प्रार्थनेचे हात’ भिंतीवरच्या कॅलेंडरपासून भेटकार्डापर्यंत सगळीकडे पोचलेत, त्यामुळे ते नीट बघायचंच राहून जातं. 1508 साली फ्रँकफर्टचा व्यापारी याकोब हेलर याच्यासाठी ड्यूरर एक मोठं वेदीचित्र रंगवत होता. त्यातल्या एका शिष्याच्या हातांचा हा अभ्यास. मूळ वेदीचित्राचा मधला भाग 1729मध्ये म्युनिकच्या आगीत जळून गेला. हा छोटा कागद मात्र व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात सुखरूप आहे.

कागद निळा आहे, आणि इथेच सगळी युक्ती आहे. पांढऱ्या कागदावर आपण फक्त छाया काढतो, उजेड म्हणजे जे रिकामं राहिलं ते. निळ्या कागदावर कागद स्वतःच मधली छटा होतो. ड्यूररने कुंचल्याने करड्या शाईत छाया घातली आणि पांढऱ्या रंगाने उजेड घातला. मधला सगळा भाग कागदाने फुकट दिला. व्हेनिसच्या चित्रकारांमध्ये निळा कागद वापरायची पद्धत होती, आणि ड्यूरर नुकताच, 1507मध्ये, तिथून परतला होता.

हे गिरवायला निळाच कागद हवा असं नाही. शाळेच्या पुस्तकांना घालतो तो खाकी कागद चालतो, गुळगुळीत बाजू खाली ठेवायची. एक गडद पेन्सिल आणि एक पांढरी पेन्सिल. आधी वर सांगितलेल्या क्रमाने दोन्ही हातांचा सांगाडा उभा करा. मग फक्त गडद पेन्सिलने छाया, तीही तीनच ठिकाणी सुरू करून: दोन तळव्यांच्या मधली फट, बाहीच्या आतला अंधार आणि बोटांच्या उजेडाविरुद्धच्या कडा. पांढरी पेन्सिल तोवर दूर ठेवा. छाया पुरेशी झाली, हात कागदातून उठल्यासारखा वाटायला लागला, की मग पांढरी हातात घ्यायची आणि ज्या भागावर उजेड सर्वांत थेट पडतो तिथेच लावायची. सांध्याचा माथा, नखाची कड, शिरेची उजेडाकडची बाजू. काळा आणि पांढरा एकमेकांना शक्यतो भिडू द्यायचे नाहीत, मध्ये कागदाची पट्टी राहिली पाहिजे. दोन्ही मिसळले की मळकट राखाडी तयार होतो आणि कागदाची मधली छटा मरते.

गिरवताना दोन बारकावे हाताला लागतील. एक, हे दोन हात एकमेकांचे आरशातले जुळे नाहीत. बोटांचा वाक, त्यांच्यामधलं अंतर, दोन्हींत थोडं थोडं वेगळं आहे. दुसरं, तळवे गच्च चिकटलेले नाहीत. आत पोकळी आहे आणि बोटांची टोकं हलकेच टेकली आहेत. तेवढ्या फटीमुळे हातात जोर नाही, नम्रता आहे, हे डोळ्यांना कळतं. आपल्याकडचा नमस्कार काढतानाही नेमकी हीच फट विसरली जाते आणि दोन हातांचा एक फळा होतो.

ड्यूररने हे कसं कमावलं, याचाही कागद शिल्लक आहे. 1493मध्ये, बाविशीच्या आसपास, त्याने एका कागदावर स्वतःचा चेहरा, एक हात आणि एक उशी काढली. त्या कागदाच्या मागे आणखी सहा उश्या आहेत, प्रत्येक वेगळी दुमडलेली. तो कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. उशी दाबली, वळवली की ती कुठे फुगते, कुठे घडी पडते, हे बघणारा तरुण तळव्याच्या गादीकडेही त्याच डोळ्यांनी बघत असणार, असं मला वाटतं. फुकटचं मॉडेल घरातच असतं. उजव्या हाताने काढणाऱ्याला डावा हात कायम मोकळा असतो, आणि आरसा समोर ठेवला की त्याचा उजवा करता येतो.

छाया कळली की रेषेचा प्रश्न हेन्ड्रिक गोल्ट्सिअसला विचारायचा. हॉलंडच्या हार्लेम शहरात तायलर्स संग्रहालयात त्याने 1588 साली पेनने काढलेला स्वतःचा उजवा हात आहे. तान्हेपणी तो विस्तवात पडला आणि हात भाजला. कंडरा आखडल्या आणि बोटं पुन्हा पूर्ण उघडली नाहीत. त्याच हाताने तो पुढे त्याच्या काळातला अव्वल तांब्यावरचा खोदकाम करणारा झाला. चित्रातली बोटं वाकडी, ताठर आहेत, आणि त्याने त्यात काहीही झाकलेलं नाही. शिकण्याची गोष्ट ही, की त्याची छायेची प्रत्येक रेघ आकाराभोवती वळसा घेत जाते. मनगटावरची बांगडी जशी मनगटाच्या वळणाने फिरते तशी. रेघ मध्ये जाड होते, कडेला बारीक. बोट आपल्याकडे वळलं असेल तर रेघांचा वाक उलटतो, आणि त्या वाकावरूनच बोट कोणत्या दिशेला आहे ते समजतं. आडव्यातिडव्या रेघा घासून केलेली छाया हे सांगू शकत नाही.

याचा एक उत्तम सराव आहे. बोटांच्या प्रत्येक पेरावर एकेक बारीक रबरबँड चढवा आणि हात वेगवेगळ्या कोनांत धरून फक्त रबरबँडच काढा, बोटं नाहीत. समोरून आखूड दिसणाऱ्या बोटावर रबरबँड जवळजवळ गोल दिसतात आणि एकमेकांवर चढतात. आडव्या बोटावर ते चपटे होतात. बोटांची बाह्यरेषा न काढताही हात कागदावर दिसायला लागतो. रबरबँड घट्ट नकोत, आणि काम झाल्यावर लगेच काढून टाकायचे.

वस्तू धरलेल्या हातासाठी हान्स होल्बाइनचा एक कागद बघावा. 1523च्या सुमारास विद्वान इरॅस्मसचं चित्र करताना त्याने त्याच्या हातांचा जो अभ्यास केला, तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातला एक हात लिहितो आहे. बोटं लेखणीवर किती हलकी टेकली आहेत ते पाहिलं, की हा माणूस आयुष्यभर लिहीत आलाय हे सांगावं लागत नाही. इथे क्रम बदलतो: आधी वस्तू, मग हात. लाटणं धरलेला हात काढायचा असेल तर लाटणं सलग, हातातून आरपार गेलेलं काढून घ्या. बोटं त्याच्याभोवती बसवा, आणि झाकलेला भाग शेवटी खोडा. हात आधी काढून त्यात वस्तू घुसवली की लाटणं हमखास दोन वेगळ्या रेषांत तुटतं.

हे सगळे युरोपातले गुरू झाले. त्यांच्याइतकंच शिकवणारे हात आपल्या दाराशी आहेत, आणि ते अगदी वेगळं शिकवतात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहा. कमळ धरलेल्या त्या हातात सांधे ठळक नाहीत, कंडरा नाहीत, हाडाचा कोन नाही. बोट मुळापासून टोकाकडे निमुळतं होत जातं आणि टोकाशी किंचित मागे वळतं. लिओनार्दोचे डोळे लावून बघितलं तर हा हात चुकीचा ठरेल, आणि ते बघणंच चुकीचं ठरेल. इथे रेषा आकार सांगत नाही, हालचाल सांगते. खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत एकच लय न तुटता जाते, आणि फूल पकडलेलं नसून तोललेलं आहे हे त्या लयीतून कळतं. गिरवताना बोटांपासून नव्हे तर कोपरापासून सुरुवात करावी लागते, नाहीतर लय मनगटाशी मोडते.

या भिंतींवरून शिकायची परंपराही जुनी आहे. 1872पासून 1885पर्यंत जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यात अजिंठ्याला मुक्काम करत आणि चित्रांच्या प्रती करून घेत. लंडनला गेलेल्या त्या प्रतींपैकी पुष्कळशा 1885मध्ये आगीत जळाल्या. पण लेण्याच्या अंधारात बसून एकेक हात उतरवताना मुंबईच्या त्या तरुणांच्या मनगटात जे मुरलं असेल, ते आगीत जाणारं नव्हतं. आज लेण्यात बसून तसं काम करता येत नाही. चांगल्या छापील चित्रावरून करा, मग एकदा प्रत्यक्ष जाऊन फक्त उभं राहून बघा.

रोदँबद्दल थोडक्यात. 1908च्या त्याच्या ‘कॅथेड्रल’ या शिल्पात दोन हात उभे राहून एकमेकांभोवती वळतात. ते दोन्ही उजवे आहेत, म्हणजे दोन वेगळ्या माणसांचे. आपल्या कुठल्याही चित्रातल्या प्रत्येक हाताला हे विचारायची सवय लावावी: हा डावा की उजवा? गर्दीच्या चित्रात एखाद्या माणसाला दोन डावे हात येणं वाटतं त्याहून फार सहज घडतं.

सर्वांत शेवटी रंग, आणि त्यासाठी सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर. 1945-46च्या सुमारास त्यांनी जलरंगात केलेलं ‘ग्लो ऑफ होप’ मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. दिवा घेऊन उभी असलेली स्त्री, ज्योतीला आडोसा धरणारा तिचा हात, आणि त्या बोटांतून झिरपणारा उजेड. चित्रासाठी हळदणकरांची मुलगी उभी राहिली होती. जलरंगात पांढरा रंग वरून लावून उजेड आणता येत नाही, तो कागदातून राखावा लागतो. म्हणजे बोटांच्या मधल्या फटी कुठे उजळ राहणार हे कुंचला ओला करण्याआधीच ठरलेलं असलं पाहिजे.

हा प्रयोग घरी करता येतो. खोलीत अंधार करून निरांजनासमोर हात धरा, बोटं किंचित विलग ठेवून. ज्योतीजवळच्या कडा तांबूस-केशरी दिसतात, कारण उजेड कातडीतून आणि रक्तातून गाळून येतो. बोटाच्या मध्यभागी, जिथे हाड आणि जाडी आहे, तिथे उजेड अडतो आणि रंग गडद तपकिरी होतो. म्हणजे नेहमीच्या छायेच्या बरोबर उलट: कड उजळ, मध्य काळा. आधी पेन्सिलीने फक्त या दोन भागांमधली सीमा आखून घ्या. मग फटी कोऱ्या सोडून पूर्ण हातावर पातळ पिवळा धुवा, तो ओला असतानाच कडांना केशरी सोडा, आणि पूर्ण वाळल्यावरच मधला तपकिरी घाला. थेट लाल वापरला तर बोटं भाजल्यासारखी दिसतात. आणि काळा रंग पेटीत बंदच ठेवा.